बशीचा कप

ठकूचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओट्यापाशी उभी राहून चहा करत होती. निकुंभांनी दारातूनच पाहिलं. अंगावर नेहमीचं सुती लुगडं, पदर कमरेला खोचलेला. चितेवर ठेवताना तिला हिरवा शालू नेसवला होता. त्याचं काय झालं असेल, असं त्यांच्या मनात आलं, पण त्यांनी विचारलं नाही.

"दूध नासवलंत," ठकू म्हणाली. "जरा पाठ वळली तर घराची ही दशा."

"तू गेली होतीस."

"मंग? गेलेल्या माणसानं चहा पिऊ नाही का?"

निकुंभ स्टूल ओढून बसले. ठकूने डब्यांच्या मागून कान तुटलेला कप काढला. लग्नानंतर दोघं एका खोलीत राहायचे, तेव्हा घरात हा एकच कप होता. ठकू कपातून प्यायची आणि निकुंभ बशीतून. पुढे निकुंभ कारकुनाचे साहेब झाले, खोलीचा बंगला झाला, काचेच्या कपाटात सोनेरी कडांचे कप आले आणि हा कप मागे मागे सरकत गेला. आज तिने बशी त्यांच्यापुढे ठेवली आणि स्वतः कप तोंडाला लावला. निकुंभांना वाटलं, आता काही नको.

"त्या पुस्तकातल्या पोराचं पुढं काय झालं हो?" तिने विचारलं.

पुस्तक म्हणजे इंग्लंडच्या राणीच्या काळातली एक जाडजूड कादंबरी. ठकूला वाचता येत नव्हतं. ती भाकरी थापायची आणि निकुंभ तिला पानं वाचून मराठीत सांगायचे. गरीब घरचा एक पोर शिकतो, शहरात मोठा साहेब होतो आणि गावाहून आई भेटायला येते तेव्हा चारचौघांत तिला ओळख देत नाही. गोष्ट तिथवर आली होती आणि ठकूला दवाखान्यात हलवावं लागलं होतं.

"शेवट वाचायचा राहिलाय," निकुंभ म्हणाले.

"सगळा नका सांगू. पोरगं सुखी झालं का, एवढंच सांगा."

निकुंभ बशीवर फुंकर घालत राहिले. तेवढ्यात बेल वाजली.

दिघेसाहेब आणि हेमलताबाई भेटायला आले होते. दिघे म्हणजे निकुंभांचे जुने वरिष्ठ. त्यांच्या शेजारी बंगला मिळावा म्हणून निकुंभांनी जिवाचं रान केलं होतं. दोघं दिवाणखान्यात बसले आणि हार घातलेल्या फोटोकडे बघू लागले. फोटोखाली लिहिलं होतं, कै. सौ. मृणालिनी निकुंभ. बंगल्यात आल्यावर निकुंभांनी बायकोला हे नाव दिलं होतं. फोटोत तिच्या अंगावर रेशमी साडी होती, डोळ्यांवर स्टुडिओतला चष्मा होता आणि मांडीवर ती कादंबरी होती. कॉलनीत ठकूला कुणी पाहिलेलं नव्हतं. कुणी आलं की निकुंभ सांगायचे, "तिला आज बरं नाही."

"मृणालिनीताई आमच्या वाचनमंडळात ह्याच कादंबरीवर बोलणार होत्या ना?" हेमलताबाई म्हणाल्या. "आता त्यांच्या वतीने तुम्ही बोला. माणसाला सुख कशात मिळतं, असा विषय ठेवू."

"आणि मंडळाचं अध्यक्षपदही तुम्हीच घ्या," दिघे म्हणाले. "मी शब्द टाकलाय."

निकुंभ सुखावले. इतक्यात ठकू ट्रे घेऊन आली. पाहुण्यांपुढे ती आजच पहिल्यांदा येत होती.

"नवीन बाई ठेवलीत वाटतं?" हेमलताबाईंनी विचारलं.

ठकू ट्रे धरून उभी राहिली. तिचं नाव दोन अक्षरांचं. ते निकुंभांच्या जिभेवर आलंसुद्धा. मग त्यांची नजर फोटोतल्या चष्म्यावर गेली.

"हो," ते म्हणाले.

ठकूच्या गळ्यातलं मंगळसूत्र नाहीसं झालं. दिवाणखाना थोडा लांबला. टेबल मघाशी हाताशी होतं, ते आता तिला चालत गाठावं लागलं.

"राहते कुठे?"

"नाल्यापलीकडे," निकुंभ म्हणाले.

खिडकीबाहेर तुळस होती तिथे नाला वाहू लागला. पलीकडे पत्र्याची घरं होती. त्यातल्या एका दारावर ठकूचं दुसरं लुगडं वाळत होतं.

"चहा फक्कड झालाय," दिघे म्हणाले. "ही माणसं सुखी असतात बघा. आपल्यासारखी हाव नाही, वखवख नाही."

हेमलताबाई हात धुवायला आत गेल्या, त्या समाधानाने परतल्या. "खिडकीत तो कान तुटलेला कप आहे, तो बाईचा ना? वेगळा ठेवता ते बरं करता."

"हो, तिचाच आहे," निकुंभ म्हणाले. पाहुण्यांसमोरचं हे त्यांचं पहिलं खरं बोलणं. स्वयंपाकघरातली खिडकी कपासकट निघाली आणि नाल्यापलीकडच्या घराला जाऊन बसली.

"नाव काय हो तिचं?"

दिवाणखाना आता मंगल कार्यालयाएवढा झाला होता. पार टोकाला, परत ओट्यापाशी गेलेल्या ठकूने मान वर केली. गोष्टीचा शेवट ऐकायला थांबावं तशी ती थांबली.

"विचारलं नाही अजून," निकुंभ म्हणाले.

"मीसुद्धा नाही विचारत," हेमलताबाई हसल्या. "बाई म्हटलं की येतात."

ठकूने मान खाली घातली आणि नळ सोडला.

निकुंभ उठले. "आलोच," म्हणाले आणि चालू लागले. चालता चालता चपला झिजल्या, त्या त्यांनी वाटेत सोडल्या. मागे दिघे पतिपत्नी बोटाएवढी दिसत होती. ओट्यापाशी पोचले तेव्हा त्यांना धाप लागली होती.

"ठकू," ते म्हणाले. पाहुण्यांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाले.

तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग वळून स्वतःच्या मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"कोणाला हाक मारता, साहेब?"

तिने बशीतला गार झालेला चहा मोरीत ओतला, बशी धुतली, पदराने पुसली आणि उजेडात धरली.

"साहेब, ही एकटीच राहिली. हिचा कप कुठंय?"

निकुंभांनी खिडकीकडे बोट केलं. तिथे आता कोरी भिंत होती.

"निकुंभ!" लांबून हेमलताबाईंची हाक आली. "शेवट काय हो त्या कादंबरीचा?"

ठकूने काचेचं कपाट उघडलं. सोनेरी कडांचा एक कप काढून बशीवर ठेवला. तो डगमगला. तिने दुसरा ठेवला. कपाट आतल्या आत लांबत गेलं होतं आणि कपांची रांग कुठे संपते ते दिसत नव्हतं.

"हा पण नाही," ती म्हणाली आणि पुढचा कप काढला.