मल्लिकार्जुन साहेबांसाठी घेतलेले शेअर

अर्धापूरच्या अण्णारावांच्या डोक्यात एखादी गोष्ट बसली की बसली. मग बायको चतुराबाईनं कपाळ बडवून घेतलं तरी ती निघायची नाही. आता हेच बघा ना! लातूरची मृद्गंध ठिबक कंपनी गळ्यापर्यंत बुडालेली, बँकांनी तिला कोर्टात खेचलेलं, पेपरात रोज बोंब. आणि हा बाबा तिचे शेअर छातीशी धरून बसलेला.

लेक ऋतुजा काकुळतीला आली होती. लातूरला डॉक्टरकीच्या परीक्षेचा क्लास लावायचा, तर हाच पैसा होता. "आबा, आज विकले तर फी तरी निघंल. कंपनी दुसऱ्यानं घेतली की जुन्या शेअरची रद्दी होते."

"पडत्या काळात सोडून पळायचं का? न्हाई जमायचं," अण्णाराव म्हणाले, आणि विषय संपला.

संपतोय कसला! दुसऱ्या दिवशी केळीच्या बागेतला पहिला घड उतरला. दरसाल पहिला घड लातूरला कंपनीच्या हापिसात जायचा, मल्लिकार्जुन साहेबांच्या टेबलावर. यंदा ऋतुजाही हट्टानं गाडीत बसली. "चाललोच हाव तर त्यांनाच इचारू," म्हणाली.

हापिसात खुर्च्या एकावर एक रचलेल्या. एकटे मल्लिकार्जुन साहेब फायलींचे गठ्ठे बांधत होते. पगार कधीचा थकलेला, तरी चहा मागवलाच. ऋतुजानं सरळ विचारलं, "काका, तुमच्या कंपनीचे शेअर हायेत आबांकडं. ठेवायचे का विकायचे?"

"विका. आजच्या आज. पण अण्णा, तुम्ही केळीवाले, या भानगडीत पडलात कसे?"

अण्णाराव घुटमळले. मग सांगूनच टाकलं. बागेवर करपा आला होता, त्या साली साहेब नांदेडला होते, तिथून मोटारसायकलवर रोज यायचे. नोकरी काय, तर ठिबकच्या नळ्या विकायची. पण हा माणूस चिखलात उभा राहून अण्णारावांबरोबर करपलेली पानं कापायचा. बाग वाचली. पाकीट पुढं केलं तर साहेबांनी हात जोडले. आहेर नेला तर तोही परत.

"मग म्हणलं, साहेब घेत न्हाईत तर त्यांच्या कंपनीत टाकू. पोचंल की त्यांना कसंबी."

साहेब बघतच राहिले. मग असे हसत सुटले की चहा सांडला. "अहो अण्णा! बाजारात शेअर घेतले म्हणजे पैसे विकणाऱ्याला गेले. मला त्यातला फुटका पैसा नाही मिळाला!" हसता हसता चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले.

अण्णाराव पार ओशाळले. "म्हंजी इतकी वर्षं..."

"इतकी वर्षं माझ्यासाठी कुणी एवढं करून राहिलं होतं आणि मला पत्ताच नाही. लई मिळालं मला, अण्णा. आता ऐका. बुडतीय ती कंपनी, मी नाही. उपकार फेडायचेत ना? मग या पोरीला क्लासला घाला."

"पण जो घेईल तो बुडंल की."

"घेणारा पेपर वाचूनच घेतोय. भाव चढेल म्हणून डाव लावतोय तो. त्याचं तो बघेल."

करप्याच्या साली साहेबांनी सांगितलं तेव्हा आपण कोवळी पानंसुद्धा मुकाट्यानं कापली होती, हे अण्णारावांना आठवलं. लेकीकडं वळून म्हणाले, "दाब बाई."

ऋतुजानं मोबाइलवर बोट टेकवलं. जरा वेळानं शेअर गेले. तिला आबांच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण लाजली आणि साहेबांच्याच पाया पडली.

निघताना अण्णारावांनी टेबलावरचा घड पुन्हा खांद्यावर घेतला. दरसाल तो हापिसात वाटला जायचा. साहेबांच्या वाट्याला दोन केळी आली तर आली.

"घर कुठंशी हाय तुमचं?"

साहेबांनी सवयीनं हात जोडले. पण अण्णाराव जिना उतरायलाही लागले होते.

"आता न्हाई म्हणू नका, साहेब. आता मधी कंपनी न्हाई."