पहिलं उड्डाण कुणाचं

डेलमारने विमानाच्या प्रोपेलरच्या दोन बोल्टांमधली पिळाची तार बोटाने ओढून पाहिली आणि त्याची शीळ बंद पडली.

"ऑर्लिन, ही शेवटची जोडी कुणी बांधली?"

"सगळ्याच मी बांधल्यात. का?"

"उलटी आहे."

"तुझे डोळे उलटे!" म्हणत ऑर्लिन वाकला. डेलमारचं खरं होतं. बोल्ट सैल व्हायला लागला की त्याला मागे खेचून धरायचं, एवढंच तारेचं काम. ही तर त्याला सैल व्हायला मदतच करत होती. इतकी वर्षं इतरांच्या तारा तपासून त्याने भल्याभल्यांची फिरकी घेतलेली. हात दाखवून अवलक्षण!

बाहेर मक्याच्या शेतालगत, गवताच्या धावपट्टीशी, निम्मं गाव खुर्च्या मांडून बसलं होतं. कित्येक हिवाळे कोठारात खपून बांधलेलं विमान आज पहिल्यांदा उडायचं होतं. जागा एकच, आणि तिथे बसणार होता ऑर्लिन.

त्याने पक्कड उचलली. बोटं थरथरली, तार दोनदा निसटली. त्याच्या बायकोने, मार्वाने, पक्कड काढून घेतली.

"सकाळपासून बघतेय तुझे हात," ती हळूच म्हणाली. "बोलले असते तर खायला उठला असतास."

तिने तार कापली, नवी ओवली, बोल्ट आवळण्याच्या बाजूने ताणून पीळ दिला. डेलमारने ती ओढून पाहिली आणि उरलेल्या जोड्याही पुन्हा तपासल्या.

"आता झकास! चल गड्या, बस आत."

ऑर्लिन हलला नाही. एवढी हौस, आणि ती अशी दारात येऊन अडावी? त्याने आपल्या हातांकडे पाहिलं. मग त्याने मार्वाकडे पाहिलं. दर रविवारी क्लबचं विमान ती इतकं अलगद उतरवायची की चाकांना पत्ता लागत नसे.

"मार्वा उडवेल."

"काहीतरीच!" डेलमार म्हणाला. "आपला रिवाज काय? ज्याने बांधलं, पहिलं उड्डाण त्याचं."

"मग? पंखांवरचं कापड कुणी शिवलं? टाका न् टाका तिचा. मी आपला सुतार."

"अरे, पण तू..." मार्वाचे डोळे भरले.

"बस लवकर, नाहीतर विचार बदलेन हं!"

विमान गवतावरून धावलं, हवेत उठलं आणि मक्याच्या शेंड्यांवरून निघालं. ऑर्लिनने टोपी भिरकावली. खुर्च्यांमधून वाट काढत, कुणाच्या मांडीवरचा केक सांडत, तो विमानामागे धावत सुटला.

"माझी बायको आहे ती!" तो ओरडत होता. "अरे, बघा, माझी बायको!"