स्वल्पविराम कुणाचा

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझी बॅटरी फुगली आहे, एक बिजागरी मोडली आहे आणि झाकणावर चिकटपट्टीचा काळा डाग आहे. माझी कीव करू नका. माझ्यामुळे एका बाईचे वाटोळे झाले. ते आधी ऐका.

माझ्या जन्माबद्दल सांगण्यासारखे काही नाही, कारखान्यात जन्मलेल्यांचे नसतेच. सात वर्षे मी परदेशी विमा कंपनीत आकडे चघळले. मग मी दान करण्याच्या लायकीचा ठरलो आणि खोक्यात बसून एल साल्व्हादोरच्या डोंगरातल्या एका कॉफीच्या गावी आलो. तिथे ग्रंथालयाच्या माडीवर एक फुकट वर्ग चाले. बिटकॉइन फोनमधल्या पाकिटात कसे ठेवायचे आणि ते पाकीट चालवणारा प्रोग्राम कसा सुधारायचा, हे तिथे स्पॅनिशमधून शिकवत. तो प्रोग्राम खुला होता. त्याच्या आतले लिखाण जगात कुणीही वाचावे, चूक दिसली तर दुरुस्त करून पाठवावे. विद्यार्थी सहा आणि आम्ही लॅपटॉप तीन, त्यामुळे माझ्या वाट्याला पाळ्या आल्या.

"इथं तुमची शाळा कोण विचारत नाही," ओविदिओ सर पहिल्याच दिवशी म्हणाले. "कामाखाली नाव पडतं ना, तेच तुमचं सर्टिफिकेट."

ते नाव यंत्रात एकदाच घालायचे असते. मग पाठवलेल्या प्रत्येक कामाखाली ते आपोआप उमटते. माझ्यात सकाळच्या पाळीच्या एदेनिल्सनने आपले नाव घातले. नोएमी तिसऱ्या आठवड्यात आली, कुणीतरी वर्ग सोडला म्हणून. तिला दुपारच्या पाळीला मी मिळालो. नाव बदलायचे असते हे तिला कुणी सांगितले नाही, आणि मला सांगता येत नव्हते.

नोएमी छत्तीस वर्षांची. पहाटेपासून दोनपर्यंत ती कपड्यांच्या कारखान्यात शर्टांच्या कॉलरी शिवी. कापसाच्या धुळीने तिची छाती घरघरत असे आणि कारखाना सोड, नाहीतर छाती सोडेल, असे डॉक्टरांनी तिला तोंडावर सांगितले होते. तिच्यापुढे एकच वाट होती. एक संस्था वर्गातल्या एकाला घरबसल्या प्रोग्राम लिहिण्याची पगारी नोकरी देणार होती, आणि तीही फक्त काम पाहून.

"मावशी, हे शिलाई मशीन नाही, पाय कशाला हलवताय?" एदेनिल्सन पाळी बदलताना म्हणायचा. सगळे हसायचे. नोएमीही हसायची, कारण तिचा पाय खरोखरच हलत असे.

पण जे कुणाला दिसले नाही ते तिला दिसले. गावातल्या व्यापाऱ्याने त्या पाकिटातून कॉफीचे पंधराशे डॉलर पाठवले आणि पोचला दीड डॉलर. त्याने आकडा नेहमीसारखा, मध्ये स्वल्पविराम देऊन १,५०० असा लिहिला होता. प्रोग्रामला मात्र स्पॅनिश म्हणजे स्पेनच ठाऊक, आणि स्पेनमध्ये स्वल्पविराम हा दशांशचिन्ह असतो. नोएमीने चार महिने खपून तो दुरुस्त केला. शिवण उसवून पुन्हा घालावी तसे तिने अकरा वेळा लिहिले आणि वर्गाच्या सामाईक खात्यातून पाठवले. त्या दिवसांत तिच्या बोटांखाली मी खूश होतो, हे कबूल करतो.

प्रोग्राम सांभाळणाऱ्यांचे आभाराचे पत्र त्याच खात्यावर एका सकाळी आले. 'शाब्बास, एदेनिल्सन.' त्याने ते दोनदा वाचले, मागे वळून पाहिले आणि पुसून टाकले. मग माझा पडदा बाहीने स्वच्छ केला. इतक्या प्रेमाने मला आजवर कुणी पुसले नव्हते.

निकालाच्या दिवशी माडीवर पुपुसांचा, म्हणजे तिथल्या सारण भरलेल्या मक्याच्या भाकरींचा, वास दरवळत होता. संस्थेचे पत्र वाचले गेले. स्वल्पविरामाच्या कामाबद्दल नोकरी एदेनिल्सनला.

नोएमी उभी राहिली. "सर, ते काम माझं आहे."

"मावशी, तुम्ही दमलाय, बसा," एदेनिल्सन म्हणाला.

"आपण काय शिकवतो?" सर वर्गाकडे पाहून म्हणाले. "कुणाच्या शब्दावर जायचं नाही. तपासायचं."

त्यांनी मला सगळ्यांपुढे उघडले. अकरा कामे आणि अकराही कामांखाली एदेनिल्सन. वर्गात कुणीतरी फिसकन हसले. पण मित्रांनो, नावाशेजारी वेळही उमटते. तीन वाजून दहा, चार चाळीस, पाच पाच. सकाळच्या पाळीचा एदेनिल्सन दुपारी तीनला माडीवर कधी फिरकला नव्हता. सरांचे बोट त्या वेळांवर थांबले. मग त्यांनी भिंतीकडे पाहिले. तिथे एदेनिल्सनच्या फोटोचा फलक छापून लागलाही होता. त्यांनी माझे झाकण मिटले.

"यंत्राला खोटं बोलता येत नाही, नोएमी," ते म्हणाले.

लोक पांगल्यावर ते तिच्याजवळ आले. "नोंदलेला इतिहास बदलत नाहीत, बाई. आपल्या नावानं दुसरं काही तरी करा."

"तो स्वल्पविराम माझ्यासाठी परत बिघडणार आहे का, सर?"

सरांनी खुर्च्या एकावर एक रचायला घेतल्या. एदेनिल्सन त्याच आठवड्यात राजधानीला गेला. त्याला नवा लॅपटॉप मिळाला.

पुढच्या दुपारी नोएमी एकदाच आली. पाय हलत नव्हता. नावाची जागा कुठे असते ते तिने शोधून काढले, एदेनिल्सनचे नाव एकेक अक्षर खोडले आणि आपले लिहिले, दोन्ही आडनावांसकट. मग खोकत जिना उतरली. आता ती पुन्हा कॉलरी शिवते. गावात पंधराशे पाठवले की पंधराशेच पोचतात.

त्यानंतर माझी बॅटरी फुगली आणि मी कपाटात गेलो. मित्रांनो, यंत्राची धूळ पुसा म्हणून सगळेच सांगतात. मी म्हणतो, धूळ राहू द्या. काम सुरू करण्याआधी आत कुणाचे नाव बसले आहे ते बघा, आणि उशिरा आलेल्यालाही ते सांगा. माझ्यात आता नोएमीचे नाव आहे, अगदी अचूक लिहिलेले. त्याच्या खाली एकही काम नाही.