त्रिशूळवाली

अण्णांचं सुतक फिटलं त्या दिवशी गोदाआत्याने सगळं घर धुऊन काढलं. अण्णांची ही थोरली बहीण टिटवाळ्याहून आली तेव्हापासून तिचे हात थांबलेले मी पाहिले नव्हते. माझे पाय थांबत नव्हते. पुस्तक उघडायचं, पान न उलटता मिटायचं, तलावाला फेरी मारायची, घरी येऊन पुन्हा चपला घालायच्या. अशीच एक फेरी मारून आत शिरले तर देव्हाऱ्यात अण्णांचा डॉलर.

तो काळा असायचा. आता पांढराशुभ्र होता आणि त्याला हळदकुंकू लावलं होतं.

"आत्या, हे काय केलंस?"

"अगं, नाण्यांच्या डब्यात लाल फडक्यात गुंडाळलेली सापडली. देवी अशी काळीठिक्कर ठेवतात? चिंच लावून राखेने घासली. बघ, कशी हसतेय."

"ती देवी नाही."

"मग त्रिशूळ कशाला धरलाय तिने? भाजी चिरायला?"

ती ब्रिटानिया होती, इंग्रजांनी आपल्या देशाचं प्रतीक म्हणून नाण्यांवर काढलेली बाई. चीनकडच्या व्यापारासाठी मुंबईच्या टाकसाळीत पाडलेले चांदीचे डॉलर अण्णा जमवत. ते बंदरावर कारकून होते, खलाशांकडून एकेक घेत. डब्यात बरेच होते, पण जीव या एकावर. साल १९२१. त्या सालचे फारच थोडे शिल्लक आहेत, असं ते सांगत. कल्याणचे कर्णिक वकीलही नाण्यांचे शौकीन. ते दर वेळी खिजवत, "अहो, हा अकराचा आहे. एकाचा दोन कोरून कोणीतरी गंडवलंय तुम्हाला." आकड्यावर काळं पुट इतकं दाट की भिंगातूनही निवाडा होत नसे. पुट काढू या म्हटलं की अण्णा फडकं गुंडाळत. घासलेल्या नाण्याला शौकीन माणूस हात लावत नाही, म्हणत.

दवाखान्यात शेवटी ते मला म्हणाले होते, "शीला, तो एकवीसचाच आहे गं."

"हो अण्णा," मी म्हटलं. आजारी माणसाला म्हणतात तसं. तो 'हो' खरा होता का, एवढंच मला आता हवं होतं.

डॉलर रुमालात बांधून मी कल्याण गाठलं. कर्णिकांनी रुमाल सोडला आणि हात मागे घेतला.

"घासलात?"

"आत्याने. देवी समजून."

ते हसले. भिंग घेऊन खिडकीशी गेले. मी बसले, उठले, कपाटातल्या कायद्याच्या पुस्तकांची नावं वाचली, पुन्हा बसले.

"जरा एका जागी बसता का?"

"नाही जमत."

बऱ्याच वेळाने ते वळले. "दोन कोरलेला नाही. कोरला असता तर कडेची चांदी खरवडलेली दिसली असती. टाकसाळीतूनच असा आलाय. मी हरलो."

मी खुर्चीची पाठ धरली.

"काळा असता तर मी मागाल ती किंमत दिली असती," ते म्हणाले. "आता मोडीच्या भावात जाईल."

"काळा असता तर तुम्ही तो खरा मानला असतात?"

त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. "नसता मानला."

"म्हणजे चिमूटभर चिंचेत वाद मिटला असता. इतकी वर्षं अण्णांनी—"

"मिटवून काय करायचं होतं? मग दर रविवारी इथे येऊन माझ्याशी कोण भांडलं असतं?" त्यांनी डॉलर माझ्या हातात ठेवला. त्यांची बोटं लगेच सुटली नाहीत. दारापर्यंत पोहोचवायला आले तेव्हा म्हणाले, "डब्यातल्या तेराच्या डॉलरबद्दलही मला शंका आहे. आणा कधीतरी. घासू मात्र नका."

घरी आत्या वाती वळत बसली होती.

"काय म्हणाला तुझा वकील?"

"खरी आहे म्हणाला."

"मग! घासल्याशिवाय कळतंय होय?" तिने हात पुढे केला.

मी डॉलर तिच्या तळहातावर ठेवला. तो देव्हाऱ्यात मांडून तिने कुंकवाचं बोट टेकवलं.

"नाव काय म्हणालीस हिचं?"

"ब्रिटानिया."

"असू दे," आत्या म्हणाली.

उरलेल्या नाण्यांचा डबा मी माळ्यावर ठेवला, तिचा हात पोहोचणार नाही असा, अगदी आत. मग चपला घातल्या आणि पुन्हा तलावाकडे निघाले.