लासिहच्या आवाजाला जागा

दुपारचं जेवण झालं की तिर्तोला डुलकी लागे, आणि डुलकीत त्याला सर्व्हर दिसत. खरा सर्व्हर त्यानं जन्मात पाहिला नव्हता. तीस वर्षं सोलो शहरातल्या एका छोट्या रेडिओ केंद्रावर निवेदक होता माणूस. त्याला ठाऊक होती ती फितींची कपाटं. म्हणून स्वप्नातही कपाटंच येत, गार खोलीत ओळीनं उभी, अंगावर निळे दिवे लुकलुकत असलेली, आणि त्यांच्या मधोमध चटईवर बसून लासिह गात असे. ऐकायला कोणीच नसे. मग पिंजऱ्यातला होला घुमे आणि तिर्तो दचकून जागा होई.

लासिह त्याची बायको. गामेलानचा वाद्यमेळा वाजू लागला की त्यात बसून गाणारी. लग्नघरची माणसं तिच्या तारखा बघून मुहूर्त ठरवत. दोन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. आता ती कुजबुजते, तेवढंच. तिच्या दोनशे बारा फिती तिर्तोनं स्वतः बसून संगणकावर उतरवल्या. फितींना बुरशी लागली, त्या गेल्या. उरलं ते एका जुन्या डिस्कवर, आणि ती डिस्कही हल्ली कुरकुरायला लागली होती. वेबसाइट करायची, साऱ्या जगाला हा आवाज ऐकवायचा, असं म्हाताऱ्यानं डोक्यात घेतलं होतं.

पण वेबसाइटला जागा लागते, आणि ती भाड्यानं देणारे ढीगभर. तिर्तोनं कुणाचा वेग पाहिला नाही की कुणाचा दर. तो प्रत्येक कंपनीला तिचा जन्मदिवस विचारत सुटला. वार कुठला, आणि पाच दिवसांच्या बाजारचक्रातला दिवस कुठला? दोन्ही दिवसांच्या ठरलेल्या आकड्यांची बेरीज करायची, लासिहच्या जन्मदिवसाच्या आकड्यांशी ताडून बघायची. मुलीला स्थळ बघताना करतात तेच. सिंगापूरच्या कंपनीनं उत्तरादाखल सवलतीची जाहिरात पाठवली. दुसऱ्या एका कंपनीचं यंत्रच बोलत होतं, त्याला काय कप्पाळ कळणार! शेजारच्या जोगजा शहरातल्या एका लहानशा कंपनीत मात्र निंगरुम नावाच्या मुलीनं फोन उचलला आणि वडीलधाऱ्याला म्हणतात तसं 'पाक' म्हणत चटकन सांगितलं, "बुधवार पोन, पाक. मालकांनी दिवस काढूनच दुकान उघडलं."

आकडे झकास जुळले. तिर्तो हरखला. ताई म्हणावं तसं तिला 'म्बाक' म्हणाला. "सगळ्यात मोठी जागा द्या, म्बाक. हजारो लोक येतील."

"देते की. गाणी घरच्या इबूंची, बाईंची ना? त्या तयार आहेत?"

"इंग्गिह म्हणाली. अदबीनं हो."

"कितीदा?"

"तीनदा. विचारलं की लगेच."

निंगरुम हळूच म्हणाली, "पाक, तुम्ही सोलोचेच ना?"

तिर्तोचे कान तापले. सोलोत 'नाही' कुणी तोंडानं म्हणत नाही, म्हणून तिथे वाढलेला माणूस नुसतं 'हो' ऐकून उठत नाही. त्यानंतर पुढ्यात काय येतं ते बघतो. त्यानं समोरच्या पेल्यातला चहा पहिल्यांदाच नीट चाखला. साखर नव्हती. कालही नव्हती, परवाही नव्हती. या घरात बिनसाखरेचा चहा सुतकातसुद्धा होत नाही, आणि हा शहाणा सर्व्हरच्या नादात तीन दिवस तो मिटक्या मारत प्यायला होता.

लासिह स्वयंपाकघरात खोबरं खवत होती.

"बू, तुला नकोय ना हे?"

ती खवत राहिली. मग कुजबुजली, "लोक ऐकतील, आणि विचारतील, आता कशी गाते? काय सांगणार आहात त्यांना?"

"कुणी विचारणार नाही गं."

"आणि तुम्ही, पाक? दुपारभर हेडफोन कानाला लावून तिला ऐकत बसता. मी इथे भिंतीपलीकडे असते."

'तिला' म्हणाली. सवतीबद्दल बोलावं तसं. तिर्तोला भयंकर लाज वाटली. इतक्या दिवसांत त्यानं त्या आवाजाला घर शोधलं, आणि आवाजाच्या मालकिणीशी तो धड चार शब्द बोलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यानं निंगरुमला सांगितलं, "सगळ्यात लहान जागा द्या. दाराला कुलूप हवं, आणि खातं लासिहच्या नावावर." पासवर्ड लासिहनंच घातला; तिर्तो तेवढा वेळ अंगणात होल्याला दाणे टाकत उभा राहिला. गाणी चढली, आणि आठवड्याभरात डिस्क शेवटचं कुरकुरून गप्प झाली. आता तो आवाज जगात एकाच ठिकाणी होता, आणि किल्ली लासिहकडे.

तिनं काही किल्ली दिली नाही. दहा दिवस गेले. तिर्तोच्या दुपारी भकास झाल्या, डुलकीसुद्धा लागेना. शेवटी न राहवून त्यानं निंगरुमला फोन केला. "तुम्हाला तिकडून उघडता येईल का हो? एकच गाणं."

"येईल, पाक. पण इबूंनी सांगायला हवं."

"बरोबर आहे," तो म्हणाला.

फोन ठेवतोय तोच आतल्या खोलीत लासिहच्या फोनवर गाणं लागलं. तिशीतली लासिह, भरल्या गळ्याची. दार बंद होतं. तिर्तो पाय न वाजवता गेला आणि उंबऱ्याबाहेर जमिनीवर बसला. डोळे मिटले तर पुन्हा ती गार खोली, ती कपाटं. पण या खेपेला गाण्याखाली आणखी काहीतरी होतं. एक फाटकी, खरखरीत कुजबुज, सुराच्या मागून अडखळत येणारी, मध्येच तुटणारी. लासिह स्वतःबरोबर गात होती.

तो कान देऊन बसला. कुजबुज ऐकू यावी म्हणून श्वाससुद्धा हळू घ्यायला लागला. मोठा आवाज मध्ये येत होता.

"बू," तो दाराशी तोंड नेऊन म्हणाला, "फोन बंद केलास तरी चालेल."

आत दोन्ही आवाज थांबले.

मग कुजबुज एकटीच पुन्हा सुरू झाली.