सहाव्या गाण्याचे शब्द

भुंग्याच्या पहिल्यावहिल्या अल्बमात नऊ गाणी होती आणि सहाव्यापाशी घोडं अडलं होतं. भुंगा हे नाव ताईने ठेवलेलं; पोरगी दात घासतानाही गुणगुणायची म्हणून. दिवसा ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायची, संध्याकाळी पुस्तकांच्या दुकानामागच्या खोलीत स्वतः रचलेली गाणी गायची. तिथे चाळीस खुर्च्या होत्या आणि ऐकायला येणारी माणसंही साधारण तीच चाळीस. सहावं गाणं त्यांना तोंडपाठ होतं.

ते ताईचं गाणं. ताई नवऱ्याचं घर सोडून आली तेव्हा तिच्या हातात बॅग नव्हती, इस्त्री होती. कपड्यांना इस्त्री करता करता उठून चालू पडली होती. भुंग्याने ते सगळं गाण्यात घातलं, वर ‘अजून तापलेली’ असं पदरचंही जोडलं.

ताई आता इस्पितळाच्या लाँड्रीत कामाला होती. अल्बम निघतोय कळल्यावर ती म्हणाली, “त्या खोलीत काय गातेस ते मी कधी विचारलं नाही. पण हे सगळीकडे जाणार. माझ्याबरोबरच्या बायका ऐकतील.”

“तुझं नाव कुठंय त्यात?”

“इस्त्री घेऊन माहेरी आलेल्या अशा कितीजणी असतील गं?”

भुंगा रेकॉर्डिस्टकडे गेली. टायरच्या गोदामामागे त्याची खोली, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या.

“सहाव्यातला माझा आवाज काढा. नुसती गिटार राहू दे.”

“अहो, बाकीची आठ त्याच्याच जिवावर चाललीत!”

“ठाऊक आहे.”

त्याने हळहळत आवाज काढला. शब्दांच्या छापील कागदावर सहाच्या आकड्यापुढे कोरी जागा राहिली. ताईने तो कागद दोनदा उलटसुलट पाहिला आणि प्रकाशनाला यायचं कबूल केलं.

पुस्तकांच्या दुकानामागच्या त्याच खोलीत ती मागच्या रांगेत, दाराजवळ बसली. पाच गाणी झाली. भुंग्याने सहाव्याची गिटार धरली, ओठ मिटून. आणि चाळीस माणसं गायला लागली. त्यांना वाटलं, हिने मुद्दाम आपल्यासाठी जागा सोडलीय. एवढी साधी गोष्ट भुंग्याच्या डोक्यात आली नव्हती. तिने गिटार थांबवली, तर ती माणसं टाळ्यांवर गायला लागली. दुसऱ्या कडव्याला ताई उठून बाहेर गेली.

भुंगा गिटार ठेवून मागोमाग धावली. ताई पायरीवर बसली होती.

“ताई, मी काढलं होतं गं. खरंच.”

“पाहिलं मी.” आतून धृपद ऐकू येत होतं. “तापलेली म्हणे! तापलेली इस्त्री घेऊन कोण रस्त्याने चालेल, वेडे? गार होईपर्यंत जिन्यात बसले होते मी.”

“इतका वेळ?”

“अर्धा तास. म्हटलं, वरून कुणीतरी हाक मारेल.”

भुंग्याचा हात सवयीने खिशातल्या छोट्या वहीकडे गेला. ताईने तो जाताना पाहिला. भुंग्याने हात रिकामाच बाहेर काढला आणि “सरक जरा” म्हणत तिच्या शेजारी बसली.

गाणं संपलं. आतून भुंग्याच्या नावाने हाका सुरू झाल्या.

“जा, बोलवतायत तुला,” ताई म्हणाली.

“बोलवू देत,” भुंगा म्हणाली, आणि बसून राहिली.