चाळीस हात वर

"हात वर!"

गुरुवारी दुपारी तीन वाजता आमच्या ऑफिसातल्या वीस माणसांनी कीबोर्डवरचे हात काढले आणि पोलिसांनी घेरलेल्या चोरांसारखे खांद्यांच्या वर धरले. बोलायचं नाही, माऊसला शिवायचं नाही, खुर्चीसुद्धा करकरवायची नाही. कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत टेस्ट सर्व्हर होता आणि त्याच्यासमोर डोळे मिटून महाराज उभे होते.

महाराज म्हणजे आमचे सगळ्यांत जुने इंजिनिअर. नाव चेष्टेनं पडलं होतं. पुढे चेष्टा गेली आणि नाव राहिलं. त्यांनी उजवा तळहात सर्व्हरच्या पाठीवर टेकवला.

"यंत्राला सगळं कळतं," ते संथ आवाजात म्हणाले. "तुमची घाई कळते, तुमची शंका कळते. शंका आली की ते लाल होतं. मन रिकामं करा. अकरा मिनिटं."

अकरा मिनिटांत नवल घडलं. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर सकाळपासून गोवर उठल्यासारखे लाल ठिपके होते. ते एकेक करत हिरवे झाले. शेवटचा ठिपका हिरवा झाला तशी टाळ्यांनी खोली दणाणली. साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. दोन पदव्या घेतलेला एक प्रोग्रामर माझ्या कानाशी पुटपुटला, "हाताला गुण आहे बुवा!"

हाताला गुण! कॉम्प्युटर शिकलेली माणसं ही! माझं डोकं असं तापलं की सांगता सोय नाही.

आम्ही काय बनवत होतो ते आधी सांगते. इस्पितळातल्या नवजात बाळांच्या वॉर्डासाठी औषधाचा डोस काढून देणारा प्रोग्राम. आजवर परिचारिका बाळाचं वजन हातानं टाइप करत. नव्या आवृत्तीत बाळ काट्यावर ठेवलं की वजन थेट प्रोग्रामात जाणार आणि डोस पडद्यावर येणार. सोमवारी ती वॉर्डात सुरू व्हायची होती. माझी बहीण त्याच वॉर्डाबाहेर बसून होती. तिची मुलगी आठ आठवडे आधी जन्मली होती. वजन एक हजार दोनशे चाळीस ग्रॅम. पडदा खरोखर हिरवा आहे की नाही, हे मला महाराजांच्या भक्तांपेक्षा जरा जास्त कळायला हवं होतं.

टेस्ट सर्व्हर म्हणजे रंगीत तालमीची जागा. पडद्यावरचा एकेक ठिपका म्हणजे तिथली एकेक चाचणी: उत्तर बरोबर आलं तर हिरवा, चुकलं तर लाल. प्रयोगाला जे सामान असणार, तेच तालमीला हवं. आमच्याकडे तीन टीम आणि तालमीची जागा एकच. मी दुसरा सर्व्हर मागितला की साहेबांचं उत्तर ठरलेलं: "महाराज आहेत ना!"

टाळ्या चालू असताना मी पडद्याचा खालचा कोपरा पाहिला. एकूण चाचण्या चारशे बारा. सकाळी चारशे एकवीस होत्या. जास्तीच्या नऊ मी त्याच आठवड्यात घातल्या होत्या, वॉर्डातल्या नव्या काट्याचे आकडे फोनवर विचारून. नऊच्या नऊ लाल होत्या. त्या हिरव्या झाल्या नव्हत्या, गायब झाल्या होत्या.

"माझ्या नऊ चाचण्या कुठे गेल्या?" मी महाराजांना विचारलं.

ते करुणेनं हसले. "यंत्रानं त्या स्वीकारल्या नाहीत. त्यांच्यात भीती होती."

"चाचणीत भीती?"

"लिहिणाऱ्याची उतरते."

साहेब मध्ये पडले. "तुमची भाची तिथे आहे, मन थाऱ्यावर नसणार. दोन दिवस सुट्टी घ्या." मी सुट्टी घेतली नाही. वॉर्डातल्या मुख्य परिचारिकेला फोन लावला. सोमवारआधी मंजुरीची सही तिचीच लागणार होती.

शुक्रवारी सकाळी ती आली ती बाळांचा काटा बगलेत मारून. पन्नाशीची, ठेंगणी, चालणं झपाट्याचं. सर्व्हरवर पुन्हा तीन टीमची झुंबड होती आणि पडदा लालभडक. महाराज साहेबांच्या केबिनमध्ये चहा घेत होते. मी तिला हात वर करायचा विधी सांगितला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"ते नसताना नुसते हात वर करून पाहिलंत?"

कुणीच पाहिलं नव्हतं. तीन वर्षांत एकदाही नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग करा की!"

बाकीच्यांनी लाजत लाजत हात वर केले. मी माझ्या नऊ चाचण्या परत घातल्या, सगळ्या चाचण्या सुरू केल्या आणि मीही हात उचलले. अकरा मिनिटांनी पडद्यावर चारशे बारा हिरवे आणि नऊ लाल.

"सोपं आहे," परिचारिका म्हणाली. "एका पलंगावर तीन पेशंट झोपवले तर एकाची सलाईन दुसऱ्याच्या हाताला लागणारच. तुम्ही हात उचलता तेव्हा एकच पेशंट उरतो. त्याला चमत्कार कशाला म्हणायचं?"

खरंच तेवढंच होतं. एक टीम दुसरीचा डेटा पुसायची, दुसरी तिसरीचा, आणि सगळे म्हणायचे यंत्राला नजर लागली.

तेवढ्यात महाराज धावत आले. "मला न विचारता कुणी हात लावला?" पडद्यावर नऊ लाल ठिपके पाहून ते थेट काचेच्या खोलीत शिरले. "बघा, कोपलं! हात वर!" आणि त्यांची उजवी मूठ सर्व्हरकडे निघाली.

परिचारिकेनं वाटेतच त्यांचं मनगट धरलं, नाडी बघावी तसं. "मूठ उघडा."

मूठ उघडेना. तिनं हट्टी बाळाची उघडावी तशी एकेक बोट सोडवून ती उघडली. आत बोटाच्या पेराएवढा पेनड्राइव्ह होता. हात ठेवण्याच्या निमित्तानं तो मागच्या खाचेत जायचा, आणि त्यात साठवलेली तीन वर्षांपूर्वीची सबंध प्रत सर्व्हरवर चढायची. जुन्या चाचण्या, जुना डेटा. नवं घातलेलं सगळं पुसून जायचं, ते कुणालाही न सांगता.

"एकदा चाललेली प्रत आहे," महाराज पडेल आवाजात म्हणाले. "सिद्ध आहे."

"तेव्हा आमच्याकडे जुना काटा होता," परिचारिका म्हणाली. "तो किलोत आकडा द्यायचा. हा ग्रॅममध्ये देतो. बदलून वर्ष झालं."

तिनं काटा माझ्या कॉम्प्युटरला जोडायला लावला. सोमवारी जाणारी आवृत्ती मी उघडली. तिनं महाराजांच्याच टेबलावरची पाण्याची बाटली उचलून काट्यावर ठेवली. बाटली भरली एक हजार दोनशे साठ ग्रॅम. माझ्या भाचीपेक्षा वीस ग्रॅम जास्त.

प्रोग्रामनं ते एक हजार दोनशे साठ किलो मानले. आकडा फार मोठा झाला की मोठ्या माणसाच्या कमाल डोसवर थांबायचं, अशी सोय कुणीतरी सुरक्षेसाठी करून ठेवली होती. पडद्यावर उमटला तो धडधाकट माणसाचा डोस. बाजूला हिरवी खूण.

साहेबांनी खुर्ची शोधली.

"आता करा हात वर," परिचारिका म्हणाली. काटा बगलेत मारून, सही न करता ती निघून गेली.

दुरुस्त केलेली आवृत्ती वॉर्डात गेली ती सात आठवड्यांनी. आता प्रत्येक टीमला स्वतःचा टेस्ट सर्व्हर आहे. वॉर्डात जो काटा, तोच आमच्या टेबलावर. डेटा दर आठवड्याला इस्पितळातून ताजा येतो, बाळांची नावं तिथेच पुसून. सर्व्हरवर कुणी काय बदललं त्याची नोंद आपोआप होते, आणि हिरव्या रंगाआधी आम्ही चाचण्यांची संख्या बघतो. यासाठी कुणाच्या हाताला गुण असावा लागत नाही. महाराज अजून आहेत, सर्व्हरच्या खोलीबाहेर बसतात, आणि यंत्र रुसल्याचं सांगत असतात. अजूनही दोघे-तिघे ऐकायला जातात.

पडदा हिरवा झाला की टाळ्या वाजवू नका. कुठे तपासलं, कशावर तपासलं, काय वगळलं, ते विचारा. आणि कुणी म्हणालं की तुमच्या शंकेनंच काम बिघडतं, तर त्याची मूठ आधी उघडायला लावा.

महाराजांचा मला राग आहेच, साहेबांचा त्याहून जास्त. पण माझी भाची त्या वॉर्डात काचेच्या पेटीत होती, आणि गुरुवारी वर गेलेल्या चाळीस हातांत दोन माझे होते.